भोपळ्याचा पाय, दुकानातल्यासारखा

प्रिय बर्थाबाय,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली की हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं हा प्रश्नच उरलेला नाही. पाकीट नको, तिकीट नको, बरंच झालं. परवा नात दुकानातून भोपळ्याचा पाय, अमेरिकेत करतात तो, घेऊन आली. पुठ्ठ्याचं खोकं, आत पत्र्याची ताटली, ताटलीत थंडगार घट्ट सारण. म्हणाली, आजी, तू हे कधी खाल्लं नसशील. मी म्हटलं, चारदा खाल्लंय, वेंगुर्ल्यात, तुझ्या आईचा जन्म व्हायच्या आधी. तिला खरं वाटेना. मग तुझ्याबद्दल सांगायला बसले तर धड सांगता येईना. काय सांगणार? तू संस्था काढली नाहीस, तुरुंगात गेली नाहीस, तुझा साधा फोटोसुद्धा मी कुठे पाहिलेला नाही. तू दमलेली होतीस, एवढं मात्र मला स्वच्छ आठवतं. दमलेल्या बाईची गोष्ट कोणी सांगत बसत नाही, म्हणून मीच लिहायला घेतली. तुझी गोष्ट तुलाच ऐकवण्यात काही अर्थ नाही, तेव्हा तू आता जरा बाजूला बस. ज्यांनी तुला पाहिलं नाही त्यांना सांगते.

बर्था ब्रागांझा वेंगुर्ल्याला चर्चमागच्या गल्लीत राहायची. १९६३ साली ती एकेचाळीस वर्षांची होती आणि त्यातली निम्मी वर्षं तिने आजाऱ्यांच्या उशाशी काढली होती. आधी बापाचा दमा. मग आई, ती सहा वर्षं अंथरुणाला खिळलेली. मधे दोडामार्गच्या एका काजूबागायतदाराचं स्थळ आलं होतं. आईला कोण बघणार, एवढ्या एका गोष्टीवरून ते आधी ईस्टरनंतर, मग पावसानंतर, मग नाताळनंतर असं पुढे पुढे गेलं आणि शेवटी त्या माणसाने दुसरीकडे लग्न केलं. भांडणतंटा काही झाला नाही. बर्थाच त्याच्या लग्नाचा केक भाजून द्यायला गेली होती. हाताला चव होती तिच्या. गावातल्या लग्नाबारशाचे केक, नाताळच्या नेवऱ्या, दोदोल, सगळं तिच्याकडूनच जायचं. ओव्हन वगैरे काही नव्हता. चुलीवर टोप, टोपावर जड झाकण, झाकणावर निखारे. खाली किती नि वर किती हे ती हात धरून अंदाजाने बघायची आणि सहसा चुकायची नाही.

आई गेली. वर्षाचे काळे कपडे अजून अंगावर होते, तेवढ्यात थोरला भाऊ प्लासिद घरी आला. हा सत्तावीस वर्षं बोटीवर पॅन्ट्रीत कामाला होता. दर दोन-तीन वर्षांनी यायचा, साबण, दुधाचे डबे, बायबलातली रंगीत चित्रं वाटायचा आणि महिन्याभरात परत जायचा. या वेळी तो टॅक्सीतून उतरला तो दोघांनी धरून. मुंबईच्या इस्पितळात पोटाचं ऑपरेशन झालं होतं. ते नीट झालं, जखम भरली, तपासणारा प्रत्येक डॉक्टर म्हणायचा की आता याला काही झालेलं नाही, याने फक्त जेवलं पाहिजे. आणि तो जेवत नव्हता. जिभेला चव नाही म्हणायचा. दिवसातून तीनदा बर्था पेजेचा वाडगा घेऊन त्याच्या खाटेशी बसायची. चार चमचे जायचे, की तो भिंतीकडे तोंड करायचा. ती उठून गेली की चार चमचेही जायचे नाहीत. एकदा ती दिवसभरासाठी सावंतवाडीला गेली, तेव्हा पेज शेजारच्या मास्तरांच्या बायकोकडे सोपवून गेली होती. संध्याकाळी येऊन बघते तर वाडगा भरलेला, वर साय धरलेली.

प्लासिद वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर ती त्याच्यावर चिडू शकली असती. तो ओशाळायचा, माफी मागायचा आणि जेवायचा नाही.

फेब्रुवारीत बर्थाला पत्र आलं. तिच्या नावाने आलेलं हे बहुधा पहिलंच पत्र. तिची मावसबहीण सेलेस्तीन बेळगावला नन होती. तिथल्या सिस्टरांच्या बोर्डिंगात स्वयंपाकघर सांभाळायला बाई हवी होती. नव्वद मुलींचं जेवण, हाताखाली चार बायका, राहायला स्वतंत्र खोली. सेलेस्तीनने नाव सुचवलं होतं आणि सिस्टरांनी कबूल केलं होतं. शाळा जूनमध्ये उघडते, तोवर जागा राखून ठेवतो, पुढे नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. बर्थाने ते पत्र तीनदा वाचलं आणि सांत आंतोनाच्या तसबिरीमागे सरकवून ठेवलं. कोणाला बोलली नाही. फक्त शेजारच्या मास्तरांच्या मुलीला, कावेरीला एकदा विचारून घेतलं की बेळगावला थंडी फार असते का. कावेरी तिथल्या कॉलेजात शिकत होती, सुट्टीला घरी आलेली. हीच कावेरी आता म्हातारी होऊन हे लिहिते आहे. तिने सांगितलं, असते, पण सोसते. बर्था म्हणाली, 'बरां,' आणि विषय संपला.

तिचा हिशेब सरळ होता. जूनच्या आत प्लासिदने आपल्या हाताने जेवायला लागायचं. नाही लागला तर बेळगाव संपलं, आणि या वयात पुन्हा कोण कशाला बोलावतंय.

ईस्टर झाला. उपासाचे चाळीस दिवस त्या घरात गोडाचं नाव काढत नसत, त्यामुळे बर्थाने सोमवारी सकाळी सहज विचारलं, आता काय करू तुझ्यासाठी? रोज विचारायची तसंच. प्लासिद छताकडे बघत पडला होता. वर वाशांना काथ्याच्या शिंक्यांत तांबडे भोपळे टांगलेले होते.

"गो बर्था, भोपळे किती आसत?"

"पाच. कित्या?"

"बाल्टिमोराक एक दुकान आसा. थंय भोपळ्याचो पाय गावता. तसो एक तुकडो गावलो तर मी खायन."

पाच महिन्यांत 'खायन' हा शब्द तिने पहिल्यांदा ऐकला. पाय म्हणजे काय हे तिने त्याच्याकडून काढून घ्यायचा प्रयत्न केला. तो सांगू लागला, आणि इतका वेळ बोलला की तिने हातातला वाडगा खाली ठेवला. बंदराच्या रस्त्यावरचं दुकान. दाराशी घंटा. एक जाडी गोरी बाई, तिच्या पाठीमागे काचेचं कपाट, कपाटात ओळीने पाय ठेवलेले. बोट लागली की हा पहिल्या सुट्टीला तिथे जायचा. ती न विचारता एक तुकडा कापून पांढऱ्या बशीत द्यायची आणि सोबत कॉफी. सत्तावीस वर्षांत तेवढी एकच बाई होती म्हणे जी याला बघून कधी नाव विचारत नव्हती आणि कधी विसरतही नव्हती. हे सगळं सांगून झालं, तेव्हा पाय कसा करतात ते त्याला माहीत नाही असं उघड झालं. खाली बिस्किटासारखं, वर खरवसासारखं, रंग कावेसारखा. बस.

बर्थाने पहिला भोपळा उतरवला. भोपळा, गूळ, रवा, नारळाचं दूध, वेलची. तळाला केळीचं पान, वर-खाली निखारे. तिचा हात जिकडे वळायचा तिकडेच वळला. वाफा निघणारा तुकडा तिने बशीतून नेला. प्लासिदने तोंडात घातला, चावला, बराच वेळ चावला.

"ह्यां धोंडस झालां गो. बरां आसा. पण ह्यां धोंडस."

धोंडस म्हणजे कोकणातला काकडीचा, गुळाचा घरगुती केक. बशी खाली ठेवली. पेज चार चमचे.

उरलेलं संध्याकाळच्या आत शेजारीपाजारी गेलं. आजाऱ्याच्या घरी शिळं ठेवायचं नाही हा बर्थाचा नेम होता, तिच्या आईचाही तोच. शिळ्याने पोट बिघडतं, आणि बिघडलेल्या पोटाला शिळं म्हणजे विषच. त्या गल्लीत, हिंदूंकडे काय आणि ख्रिस्तांवांकडे काय, याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. कावेरीच्या घरी बशी आली, तेव्हा तिच्या आईने आधी, भोपळ्याला पाय कुठून फुटले, असं विचारून घेतलं, मग खाल्लं, आणि बशी रिकामी परत करायची नाही म्हणून तीत आठ-दहा कोकमं घालून पाठवली.

दुसऱ्या भोपळ्याच्या वेळी बर्थाने बिस्किटाचा विचार केला. मैदा आणला, तूप घातलं, आणि पीठ म्हटलं की फुगवायला सूर, म्हणजे माडी, ती तिने घातलीच. इडलीसारख्या सान्नांना घालायची तशी. चूलभर निखारे वर रचले. झाकण उघडून पाहते तर तळाने वर उसळी मारलेली आणि भोपळा कडेला सांडलेला. प्लासिद हसला. बऱ्याच दिवसांनी. 'ह्या पावाक भोपळो चिकटलो,' म्हणाला. हसल्याचं बर्थाला बरं वाटलं, पण खाल्लं नाही त्याने, आणि हसून पोट भरत नाही.

तिसऱ्याला ती इरेला पेटली. दमलेलं माणूस इरेला पेटलं की त्याच्याजवळ उभं राहू नये. कावेरीला तिने कागद-पेन्सिल घेऊन बसवलं आणि प्लासिदला एकेक विचारून लिहून काढायला लावलं. बोटीवरच्या पॅन्ट्रीत बिस्किटाला काय घालायचे? चरबी. कशाची? डुकराची. ताटली कशी होती? त्याने कॅलेंडरच्या पाठीमागे काढून दाखवली, उथळ, तिरप्या काठाची. बाजारात डबे आणि चिमण्या बनवणारा बाबली होता. त्याने बिस्किटांच्या मोठ्या डब्याचा पत्रा कापून, काठ वळवून तशी ताटली करून दिली. भोपळा उकडायचा नाही, निखाऱ्यात अख्खा भाजायचा, म्हणजे पाणी सुटत नाही, हे बर्थाने स्वतःच ठरवलं. अंडी घरच्या कोंबड्यांची. दूध प्लासिदच्या ट्रंकेतल्या डब्याचं. दालचिनी, सुंठ, जायफळ. राहता राहिली चरबी. ती एप्रिलच्या उकाड्यात हाताला लागताच वितळायची आणि पीठ चिखलासारखं व्हायचं. तेव्हा बर्थाने मैदा नि चरबी कळशीत घालून, तोंड बांधून, रात्रभर विहिरीत पाण्यालगत सोडून ठेवली आणि पहाटे पाखरं उठायच्या आत पीठ मळलं.

तो पाय निघाला तेव्हा कावेरी तिथेच होती. आईची सक्त ताकीद होती की चरबीचं काही खायचं नाही. कावेरीने खाल्लं. उगाच कशाला लपवायचं, पुन्हा मागून खाल्लं. काठ दाताखाली मोडत होता, सारण जिभेवर विरघळत होतं, रंग अगदी कावेचा. बर्थाने कपाळावरचा घाम पदराने पुसला, तुकडा कापला आणि वाफ आहे तोवर धावत आत नेला.

प्लासिदने दोन घास खाल्ले. मग बशीकडे बघत बसला.

"सगळां तसांच आसा. पण तो न्हय."

"मगे काय कमी आसा तां तरी सांग."

"तांच समजणा नाय गो."

बर्था उठली. स्वयंपाकघरात येऊन तिने टोप उलटा केला आणि राख बाहेर नेऊन टाकली. कावेरी सोबत गेली. मधल्या दारात थांबून बर्था म्हणाली की मी मेलेल्यांचं केलंय, मरणाऱ्यांचं केलंय, पण जगणाऱ्याचं कसं करायचं ते मला कोणी शिकवलं नाही. मग लगेच म्हणाली, जा, ही बशी फादरांकडे देऊन ये, संध्याकाळ होईल.

चौथा भोपळा मे महिन्याच्या मध्याला. मसाला कमी, मग अर्ध्यावर थोडा जास्त, साखर काढून गूळ. खरं सांगायचं तर तिसऱ्यापेक्षा वाईट झाला. प्लासिदने तिच्यासाठी म्हणून जबरदस्तीने अर्धा तुकडा खाल्ला, आणि दुपारी ओकला. त्या दिवशी बर्थाने तसबिरीमागचं पत्र काढलं, पाहिलं, परत ठेवलं. सेलेस्तीनचं कार्ड आलं होतं की पहिल्या तारखेच्या आत होय-नाही कळव.

मेच्या शेवटी कामांचा ढीग असतो. खळ्यातली, म्हणजे अंगणातली लाकडं पडवीत रचायची, नारळाची सोडणं वाळवून माळ्यावर टाकायची, मिरच्या, मीठ, सुके बांगडे, सगळं पावसाच्या आधी झाकून ठेवायचं. हे सगळं ती एकटी करत होती, मधे मधे पेजेचा वाडगा घेऊन बसत होती. शेवटचा भोपळा शिंक्यात होता. तो तिने उतरवला तो कुठल्या आशेने नव्हे, माळा झाडायचा होता म्हणून. उतरवलाच आहे तर करून टाकू. तिसऱ्यासारखाच केला, सगळं मोजूनमापून, न बोलता. दुपारी तीनच्या सुमाराला झाकण काढलं, ताटली उतरवली आणि ती चुलीशी पाटावर बसली.

बसली ती उठवेना. पावलं सुजली होती. हा पाय आत नेऊन द्यायचा, प्लासिद चावणार, छताकडे बघणार, 'तो न्हय' म्हणणार, मग आपण बश्या भरून गल्लीभर फिरायचं, आणि सगळ्यांनी विचारायचं, जेवला का गो भाऊ? तिने हे सगळं बसल्या जागी एकदा मनात करून पाहिलं आणि तिच्याने होईना. ताटली उचलली, जाळीच्या कपाटात ठेवली, कडी लावली. वाटायलाही गेली नाही. जन्मात पहिल्यांदा तिने भाजलेलं अन्न घरात शिळं व्हायला ठेवलं. संध्याकाळी प्लासिदला पेज दिली. त्याने पायाचं विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. उद्या नकाराचं कार्ड टाकायचं असं ठरवून ती झोपली.

सकाळी ती चर्चमध्ये मिसा ऐकून बाजारातून परत आली तर खाट रिकामी. हातातली पिशवी तशीच घेऊन ती स्वयंपाकघराकडे गेली. प्लासिद जाळीच्या कपाटाला टेकून उभा होता. कपाट उघडं, ताटली डाव्या हातावर धरलेली, आणि उजव्या हाताने तो पाय खात होता. बशी नाही, चमचा नाही. पाव हिस्सा संपला होता.

बर्थाच्या मनात आधी जे यायचं तेच आलं. "शिळां खातंस? जीव नकोसो झालो काय तुका?"

तो खात राहिला. घास गिळून म्हणाला, "गो, होच तो."

"कोण तो?"

"दुकानातलो. तेंच्या कपाटात तो थंडच असता. शुक्रवारी भाजतत, मंगळवारापर्यंत विकतत."

पिशवी खाली ठेवायचं बर्थाला सुचलं नाही. "मगे ह्यां महिनोभर तुझ्या तोंडातसून भायर कित्या पडूक नाय?"

प्लासिदला खरोखरच नवल वाटलं. त्यात सांगण्यासारखं काय होतं, म्हणाला. दुकानातलं कधी गरम असतं का? आणि बर्थाला कसं सुचावं? आजाऱ्याला गरम द्यायचं, ताजं द्यायचं, आणि वाफ आहे तोवर धावत न्यायचं, यापलीकडे तिने वीस वर्षांत दुसरं काही केलंच नव्हतं. तिसराही हाच होता. दुसऱ्या दिवसापर्यंत तो ठेवला असता तर एप्रिलमध्येच निकाल लागला असता. तो फादरांच्या, मास्तरांच्या आणि गल्लीतल्या पोरांच्या पोटात गेला.

ती पाटावर बसली. प्लासिदने आणखी एक तुकडा मोडला. ती त्याच्या हाताकडे बघत होती.

"चार दिवस ऱ्हवता तो?"

"थंडीत ऱ्हवता. हंय दोन दिवस तरी."

बर्था दोन दिवसांचा विचार करत राहिली. ज्याला शिळं चालतं त्याच्यासाठी कोणी दिवसातून तीनदा चूल पेटवायची गरज नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पेटवली की झालं, आणि तेवढी तो स्वतःही पेटवू शकतो. पण हे तोंडाने म्हणायला तिला जमेना. मग तोच म्हणाला.

"सांत आंतोनाच्या मागे ठेवलेली चिठी मी वाचलंय."

"कधी?"

"पास्काच्या आदी." म्हणजे ईस्टरच्याही आधी.

"मगे बोललंस कित्या नाय?"

"काय बोलतलंय? मी जेवल्याबिगर तू हलतलंस काय?" त्याने बोटं चाटली. "जा तू. बोटीर सत्तावीस वर्सां मी शिळांच खाल्लंय. मराक नाय."

बर्था त्यावर रडली वगैरे नाही. तिने पिशवीतले बांगडे काढले, साफ करायला घेतले, आणि कावेरीला हाक मारून होकाराचं कार्ड लिहायला सांगितलं. तिचं अक्षर वाईट होतं असं नव्हे, हाताला माशाचा वास होता.

दहा दिवसांत तिने प्लासिदला सगळं शिकवलं. तो पॅन्ट्रीतला माणूस, पटकन शिकला, उलट निखारे वर किती ठेवायचे यावरून तिच्याशी वाद घालू लागला. बाजारातून एक भोपळा आणून त्याने स्वतः एक पाय केला, तो करपला. जूनच्या पहिल्या आठवड्यात बर्था ट्रंक आणि वळकटी घेऊन एसटीत बसली. घाट चढताना तिने खिडकी लावून घेतली आणि झोपली ती बेळगाव येईपर्यंत. कंडक्टरने उठवलं.

बोर्डिंगात काही आराम नव्हता. नव्वद मुली, त्यांच्या चपात्या, सिस्टरांचे उपास, एका हाताखालच्या बाईची रोजची चोरी आणि दुसरीची रोजची चहाडी. कावेरी रविवारी तिला भेटायला जायची. बर्था मागच्या दाराशी भाजी निवडत बसलेली असायची, डोळ्यांखाली तीच काळी वर्तुळं. कावेरीने एकदा न राहवून विचारलं की मग इथे येऊन काय मिळवलंस, दमायचं तिथे आणि दमायचं इथे. कॉलेजातल्या पोरींना असे प्रश्न विचारायची फार हौस असते.

बर्था चिडली नाही. "हंय रात्री आठ वाजता चूल विझता," म्हणाली, "आणि मगे कोण हाक मारणा नाय."

प्लासिदचं दर पंधरा दिवसांनी कार्ड यायचं. अक्षर बोटीवरच्या फळ्यावर लिहितात तसं मोठं. वजन वाढलं. कोंबडी खुडुक झाली. आता शनिवारी भाजतो, सोमवारपर्यंत पुरतो. फादरांनी दुसऱ्यांदा मागून खाल्ला. कार्ड कावेरी वाचून दाखवायची, जरी बर्थाला वाचता येत होतं. तिला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला आवडायचं.

नाताळच्या सुट्टीत बर्थाला काही रजा नव्हती. घरी न जाणाऱ्या मुली उरायच्या, त्यांचं जेवण कोण करणार. कावेरी गावी निघाली, तेव्हा ती फाटकापर्यंत सोडायला आली. आईसाठी बेळगावचा कुंदा दिला, प्लासिदसाठी लोकरीचा मफलर दिला. मग जरा घुटमळून म्हणाली, "येताना माझां एक काम कर. तेना केल्लो एक तुकडो माका हाड. शिळो झालो तरी चलात."

कावेरी म्हणाली, त्यात काय, आणते. तुझ्यासारखा थोडाच होणार आहे त्याचा?

"माझ्यासारखो नकोच," बर्था म्हणाली. "माका कोणी करून घातलेलां खावन बघूचां आसा."

बर्थाबाय, आता तू पुन्हा पुढे ये, कारण पुढचं तुला पुरतं कधी सांगितलेलं नाही.

प्लासिदला मी तुझा निरोप पोचवला होता. त्याने दाढी केली आणि जाऊन भोपळा निवडून आणला. रविवारी सकाळच्या गाडीने मी निघणार, म्हणून शनिवारी दुपारी त्याने ताटली चुलीवर चढवली. तुझ्या बाबलीचीच ताटली. त्याच दुपारी वडिलांच्या ओळखीच्या कोणाची तरी जीप बेळगावला निघाली. एसटीने घाट चढताना मला उलट्या व्हायच्या. जीपमध्ये पुढची जागा मिळत होती. मी ट्रंक टाकली. प्लासिद खळ्यात येऊन म्हणाला, अर्धा तास थांब गो, वरचे निखारे आत्ताच ठेवलेत. जीपवाले थांबले असते की नाही ते मी विचारलंच नाही. मी म्हटलं, पुढच्या खेपेला नेते. तो हातात चिमटा घेऊन फाटकाशी उभा होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. तू मागच्या दाराशी भाजी निवडत होतीस. हात पुसत उठलीस आणि माझ्या पिशवीकडे बघितलंस. मी तुलाही तेच सांगितलं, पुढच्या खेपेला. तू 'बरां' म्हणालीस आणि बसून पुढची जुडी घेतलीस.

फेब्रुवारीत प्लासिद झोपेतच गेला. तू तीन दिवस जाऊन आलीस आणि येताना ती पत्र्याची ताटली आणलीस. ती तुझ्या खोलीत खिळ्याला टांगलेली मी पुढे दोन वर्षं बघत होते. तू तिच्यात कधी काही भाजलं नाहीस, आणि मला कधी विचारलंही नाहीस. मला मात्र तेव्हा परीक्षेची घाई होती, मग नोकरीची, मग लग्नाची. तुकडा आणायचा राहिला तो राहिलाच.